पिस्तूल हातातून पडले तर गोळी सुटते का? नव्या परवानाधारकांसाठी मार्गदर्शक

पहिला नियम आधीच सांगितलेला बरा: पडणारे पिस्तूल झेलू नका. एक मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कंबरेपासून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर असते. तेवढ्या वेळात नीट पाहून हात बरोबर मुठीवर नेणे कोणालाच जमत नाही. हात जातो तो आंधळा, आणि चार बोटांपैकी एक ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, अडकते. आजची बहुतेक चांगली पिस्तुले नुसती पडल्याने उडत नाहीत, म्हणजे गोळी सोडत नाहीत, पण झेलायला गेलेल्या बोटाने नक्की उडतात. निसटलेली कपबशी पकडायला हात आपोआप जातो, ती सवय मोडावी लागते. त्यासाठी सरावाचे रबरी किंवा प्लास्टिकचे नकली पिस्तूल घ्या, ते मुद्दाम हातातून सोडा आणि दोन्ही हात छातीशी ओढून घ्या. खऱ्या शस्त्रावर हा सराव करायचा नाही, रिकामे असले तरी नाही.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली. ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडले, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यानंतर अनेक परवानाधारकांनी पहिल्यांदाच विचारले, की माझे शस्त्र पडले तर काय होईल? याचे उत्तर शस्त्राच्या पोटात असते. कंपनीचे नाव किंवा किंमत पाहून ते मिळत नाही.

पडल्यावर आत काय होते

काडतुसाच्या बुडाला प्रायमरची छोटी टोपी असते. फायरिंग पिन तिच्यावर पुरेशा जोराने आदळली की गोळी सुटते. ट्रिगर न दाबता हे तीन वाटांनी होऊ शकते.

पहिली वाट म्हणजे पिनचा स्वतःचा वेग. पिस्तूल नळीच्या टोकावर पडले की सगळे शस्त्र थांबते, पण आतली मोकळी पिन पुढे जातच राहते. तिला अडवते फक्त एक बारीक स्प्रिंग. ती स्प्रिंग जुनी, दबलेली असेल आणि पडण्याची उंची जास्त असेल, तर पिन प्रायमरपर्यंत पोहोचते. उंची दुप्पट झाली की आघाताची ऊर्जाही दुप्पट होते. म्हणून कंबरेवरून पडून काही न झालेले शस्त्र जिन्यावरून किंवा माळ्यावरून पडल्यावर उडू शकते.

दुसरी वाट हॅमरची, म्हणजे पिनवर किंवा प्रायमरवर घाव घालणाऱ्या मागच्या हातोड्याची. रिव्हॉल्व्हर मागच्या बाजूने, थेट हॅमरवर पडले आणि हॅमर प्रायमरवर टेकलेला असेल, तर फरशीच हातोड्याचे काम करते. तेव्हा नळी वर असते हे विसरू नका. गोळी जाते ती उभ्या माणसाच्या पायाकडे, पोटाकडे किंवा छताकडे.

तिसरी वाट उशिरा लक्षात आली. ट्रिगर हाही एक धातूचा तुकडा आहे, त्याला वजन आहे. पिस्तूल मागच्या बाजूवर आपटले की ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे सरकतो, जणू कोणी तो ओढला. अमेरिकेतल्या सिग सॉअर पी३२० ची २०१७ ची भानगड हीच होती. जानेवारी २०१७ मध्ये याच पिस्तुलावर आधारलेले मॉडेल अमेरिकन लष्कराने निवडले होते. ऑगस्टमध्ये चाचण्यांत दिसले, की स्लाईडची, म्हणजे वरच्या सरकत्या भागाची, मागची कड एका विशिष्ट तिरप्या कोनात आपटली तर ते उडते. पिन अडवणारी सेफ्टी त्यात होती, पण ती ट्रिगर मागे गेला की उघडायची, आणि इथे ट्रिगरच मागे जात होता. कंपनीने ८ ऑगस्ट २०१७ रोजी फुकट सुधारणा जाहीर केली आणि ट्रिगर, सिअर (हॅमर किंवा स्ट्रायकर रोखून धरणारा भाग) आणि स्ट्रायकर (हॅमरशिवाय स्प्रिंगच्या जोरावर धावणारी पिन) हलके केले. हे पिस्तूल ठरलेल्या प्रमाणित चाचण्या उत्तीर्ण झालेले होते. चाचण्यांत शस्त्र सरळ कोनांत पाडतात, ते पडले तिरके.

ग्लॉकसारख्या पिस्तुलांच्या ट्रिगरच्या मधोमध जी बारीक पाती दिसते, ती याच वाटेवरचे कुलूप आहे. पाती दबल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही, आणि पाती इतकी हलकी असते की आपटल्याच्या झटक्याने ती दबत नाही.

‘ड्रॉप सेफ’ म्हणजे नेमके किती

अमेरिकन शस्त्र उत्पादकांच्या संघटनेच्या, म्हणजे सामीच्या चाचणीत शस्त्र चार फुटांवरून (१.२२ मीटर) काँक्रीटवर अंथरलेल्या एक इंच जाड रबरावर पाडतात. नळी वर, नळी खाली, डावी-उजवी कूस, सरळ आणि उलटे, असे सहा प्रकार. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, नुसते प्रायमर लावलेले रिकामे काडतूस असते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उंची एक मीटर आणि वर एक सेंटिमीटर, पण खाली सरळ काँक्रीट. रबरावर शस्त्र थोडे अंतर दबत थांबते, काँक्रीटवर झटक्यात. आपल्या घरातली शहाबादी किंवा विट्रिफाईड फरशी दुसऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे माहितीपत्रकातल्या ‘ड्रॉप सेफ’ या दोन शब्दांवर फार विसंबू नये.

अमेरिकेत बनून तिथेच विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांना देशभर लागू असलेली सक्तीची ड्रॉप टेस्टच नाही. आहेत ते काही राज्यांचे कायदे आणि उद्योगाने स्वतः घालून घेतलेली मानके.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘सेफ्टी लावली होती’ याचा अर्थ पिन अडवलेली होती, असा होत नाही. १९११ पद्धतीच्या मूळ कोल्टमध्ये अंगठ्याची सेफ्टी सिअर अडवते आणि स्लाईड रोखते, पिन मात्र मोकळीच. कोल्टने १९८३ पासून ‘सीरिज ८०’ मध्ये पिन अडवणारा प्लंजर घातला. आधीच्या ‘सीरिज ७०’ मध्ये तो नाही, आणि आजही काही कंपन्या जुन्याच रचनेची पिस्तुले बनवतात. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

आपल्या शस्त्रात काय आहे ते तपासा

तपासणी घरी होते. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाईड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. मगच पुढे.

आधी सेमी-ऑटोमॅटिक.

१. पुस्तिकेप्रमाणे स्लाईड उतरवा आणि उलटी करा. पिन अडवणारी सेफ्टी असेल तर बहुतेक मॉडेलांत खालच्या बाजूला वाटाण्यापेक्षा लहान गोल बटण किंवा छोटी पट्टी दिसते.

२. ते बटण न दाबता पिन किंवा स्ट्रायकर मागून पुढे ढकला. ब्रीच फेस म्हणजे काडतुसाचे बूड टेकते ती सपाट जागा. तिथल्या भोकातून पिनचे टोक बाहेर येता कामा नये.

३. आता बटण दाबून धरा आणि पुन्हा ढकला. टोक बाहेर यायला हवे. सोडल्यावर बटण टचकन वर आले पाहिजे. ते आळसावल्यासारखे हळू येत असेल तर आत चिकट तेल किंवा तुटकी स्प्रिंग आहे. शस्त्र कारागिराकडे द्या.

४. बटणच सापडले नाही तर पुस्तिका पाहा. तिथेही उल्लेख नसेल तर पिन मोकळी आहे असे समजून वागा. भारतीय दलांतले जुने ९ मिमी ऑटो पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेले आहे, आणि त्या मूळ जुन्या रचनेत पिन अडवणारी सेफ्टी नव्हती. पोलीस किंवा लष्करातून निवृत्त झालेल्यांनी ‘नोकरीत असेच वापरायचो’ म्हणून कोणतेही पिस्तूल त्याच भरवशावर भरून ठेवू नये.

५. ट्रिगरला पाती असेल तर स्लाईड चढवून, रिकाम्या पिस्तुलावर, पाती सोडून फक्त ट्रिगरच्या कडा मागे दाबा. ट्रिगर हलला तर पाती झिजली आहे किंवा चुकीची बसवली आहे.

अंगठ्याची सेफ्टी असलेल्या हॅमरवाल्या पिस्तुलाची वेगळी परीक्षा आहे आणि ती फार कमी लोक करतात. रिकामे पिस्तूल कॉक करा, म्हणजे हॅमर मागे ओढून अडकवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोराने दाबून सोडा. आता सेफ्टी काढा, ट्रिगरला हात लावू नका. हॅमर पडला तर सेफ्टी निकामी आहे, हे उघडच झाले. पडला नाही तरी थांबा. हॅमर अंगठ्याने अगदी थोडा मागे घ्या आणि कान जवळ न्या. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, तर मघाच्या दाबाने सिअर खाचेतून अंशतः सरकला होता आणि आता परत बसला. म्हणजे हॅमर केसभर आधारावर उभा होता. अशा पिस्तुलाला पडण्याचीही गरज नाही, टेबलावर जोरात ठेवणे पुरते.

रिव्हॉल्व्हरची तपासणी सोपी. सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता भाग, उघडून सगळी घरे रिकामी असल्याची खात्री करा आणि बंद करा. ट्रिगर सावकाश पूर्ण दाबून मागेच धरून ठेवा. हॅमर पुढे पडलेला दिसेल. आता ट्रिगर सोडताना हॅमरकडे पाहा. चांगल्या रचनेत तो किंचित मागे सरकून थांबतो, आणि हॅमर व फ्रेम यांच्यामध्ये पोलादाची पट्टी येते किंवा जाते. पट्टी दोन प्रकारची. हॅमर ब्लॉक ही अडसरासारखी असते, ट्रिगर सोडलेला असताना मध्ये येते. ट्रान्सफर बार याच्या उलट, ट्रिगर दाबल्यावरच वर येऊन हॅमरचा घाव पिनपर्यंत पोहोचवतो. तो वर नसेल तर हॅमर पिनला शिवतच नाही. यातले काहीच दिसले नाही आणि हॅमर सरळ पुढे टेकून बसत असेल, तर तुमच्या हातात जुन्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर आहे.

अमेरिकेत रुगर कंपनीच्या सिंगल ॲक्शन (दर वेळी हॅमर हाताने मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरांची जुनी आणि नवी पिढी लांबूनही ओळखता येते. १९७३ पूर्वीच्या फ्रेमवर तीन स्क्रू दिसतात, त्यानंतरच्यांवर दोन पिना आणि आत ट्रान्सफर बार. जुन्यांत तो फुकट बसवून देण्याची योजना कंपनीने १९८२ मध्ये सुरू केली. परदेशातल्या मराठी घरांत कोणाकडे वारशाने असे शस्त्र आले असेल, तर आधी हे स्क्रू मोजा.

अशा जुन्या सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरायची आणि हॅमरखालचे घर रिकामे ठेवायचे. ही प्रथा १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीपासूनची आहे आणि आजही तिच्याहून चांगला उपाय नाही. भरून सिलिंडर बंद केल्यावर बाजूने पाहून खात्री करा, की हॅमरसमोर खरोखर रिकामेच घर आहे. घाईत भरताना ते हमखास एक घर पुढेमागे होते. आपल्याकडे मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरांत वयाने जुनी बरीच आहेत. आत काय आहे याची खात्री नसेल तर पाचच भरा.

तेल, ग्रीस आणि पावसाळा

१९४४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजावर पोलादी डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर ब्लॉक होता, पण तो घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अडकून बसला होता. मग कंपनीने स्प्रिंगच्या भरवशावर न राहता आतल्या सरकत्या भागाने ओढला जाणारा नवा ब्लॉक बसवला.

आपल्याकडे हाच प्रकार कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत घडतो. गंज धरू नये म्हणून लोक पिस्तुलाला तेलाने न्हाऊ घालतात, वर्षभर कपाटात ठेवतात, आणि तेल गोठून मेणासारखे होते. पिनची पोकळी कोरडी ठेवायची असते, तिथे तेल घालायचेच नाही. तिथे गाळ साचला की दोन गोष्टी होतात: सेफ्टीचा प्लंजर (तेच बटण) दबलेलाच अडकतो आणि पिन मोकळी राहते, किंवा पिनच पुढे अडकते. दुसरी जास्त वाईट. टोक ब्रीच फेसच्या बाहेर राहिले, तर स्लाईड सोडताक्षणी, काडतूस चेंबरमध्ये जाता जाता, ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. म्हणून बराच काळ ठेवलेले शस्त्र भरण्यापूर्वी ब्रीच फेस विजेरीने पाहायचा.

ट्रिगर हलका करून घेऊ नका

ग्लॉकचा ट्रिगर दाबायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. नेमबाजीच्या नादात तो हलका करून घेणारे भेटतात: कमी ताकदीची स्प्रिंग, घासून गुळगुळीत केलेला सिअर, वजनदार धातूचा देखणा ट्रिगर. वजनदार ट्रिगर म्हणजे पी३२० चाच घोटाळा विकत घेणे. सिअर घासला की हॅमरचा आधार कमी होतो आणि आपटल्यावर तो सुटतो. शिवाय भारतात शस्त्र दुरुस्त करायला किंवा बदलायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून काम करून घेतले तर तो आणि तुम्ही दोघेही अडचणीत. गावठी कट्ट्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ते बेकायदा आहे आणि त्यात अडवणारा भागच नसतो.

पडण्याच्या जागा

शस्त्र पडते ते बहुतेक वेळा गोळीबारात नव्हे, उचलण्या-ठेवण्यात. कपाटाच्या वरच्या फळीवरून, कपड्यांच्या घडीतून ओढताना. शौचालयात पट्टा सैल केल्यावर. गाडीतून उतरताना सीट आणि दरवाजाच्या फटीत. दुसऱ्याच्या हातात देताना, जेव्हा दोघांनाही वाटते की समोरच्याने धरले. होल्स्टर न घालता पँटमध्ये खोचलेले पिस्तूल तर पडणारच, कधी सरकून पायातून खाली येते आणि माणूस मांडीपाशी ते दाबायला जातो.

घरात ठेवण्याची जागा कंबरेच्या खाली, कुलपाच्या पेटीत, शस्त्र रिकामे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. अंगावर बाळगायचे असेल तर होल्स्टर कडक हवा, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा आणि पिस्तूल उलटे केले तरी धरून ठेवणारा. शस्त्र उतरवायचे तर होल्स्टरसकट उतरवा, म्हणजे उघड्या पिस्तुलाला हात लावण्याची वेळच कमी येते. परत होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी, झब्ब्याची किनार ट्रिगर गार्डमध्ये गेली की कापडच ट्रिगर दाबते. मान खाली घालून पाहा आणि सावकाश घाला. परत घालण्याची घाई कधीच नसते.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, की वर्षभर न हाताळलेली शस्त्रे एकदम बाहेर निघतात. घरीच रिकामे करा, ब्रीच उघडी ठेवता येत असेल तर ठेवा, काडतुसे वेगळ्या पाकिटात न्या आणि देताना ‘रिकामे आहे’ असे म्हणून समोरच्यालाही पाहायला लावा.

पडलेच तर

१. हात मागे. झेलायचे नाही, पायाने अडवायचे नाही, लाथेने दूर सारायचे नाही.

२. पूर्ण थांबू द्या. नळी कोणाकडे आहे ते पाहा आणि त्या बाजूच्या माणसांना हलायला सांगा. मुले असतील तर आधी त्यांना खोलीबाहेर काढा.

३. मुठीच्या बाजूने जा, खाली बसून उचला. अंगठा आणि मागची तीन बोटे मुठीवर, तर्जनी फ्रेमला सरळ चिकटलेली. ट्रिगर गार्डमध्ये बोट घालून लटकवत उचलणारे पाहिले की अंगावर काटा येतो.

४. नळी सुरक्षित दिशेला. फ्लॅटमध्ये अशी दिशा सापडत नाही: भिंत विटेची असली तरी पलीकडे शेजारी, खाली दुसरे कुटुंब आणि फरशीवरून गोळी उसळते. म्हणून भरणे-रिकामे करणे ज्यांना नेहमी करावे लागते त्यांनी कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली मोठी बादली ठेवावी. नळीचे टोक वाळूकडे, पण वाळूत खुपसायचे नाही.

५. आधी मॅगझिन, मग स्लाईड. हा क्रम उलटला तर स्लाईड ओढून एक काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे आत जाते; माणसाला वाटते पिस्तूल रिकामे झाले. स्लाईड मागे अडकवून चेंबर पाहा, चाचपा. रिव्हॉल्व्हरमधून जेवढी घरे तेवढी मोजून काढा.

६. स्लाईड किंवा सिलिंडर अडकला असेल तर जोर करू नका, ठोकू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवून माहितगार कारागिराला बोलवा.

७. रिकामे झाल्यावर नळीतून उजेड दिसतो का पाहा. चिखल किंवा माती अडकलेली असताना गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. मग वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करा. हॅमरचा काटा वाकलेला, स्लाईडची मागची कड दबलेली किंवा मॅगझिनचे ओठ वाकलेले दिसले, तर दुरुस्तीशिवाय भरायचे नाही.

८. आतले काडतूसही तपासा. गोळी कवचात खोल दबलेली दिसली तर ते वापरू नका, कारण आत जागा कमी झाली की दाब वाढतो. एकच काडतूस रोज चेंबरमध्ये घालून-काढूनही असेच दबते.

घरी ‘खरेच उडते का’ हे पाहायला शस्त्र पाडून किंवा स्लाईडवर हातोडी मारून पाहू नका, नुसते प्रायमर लावलेले काडतूस घालूनही नाही. प्रमाणित चाचणी प्रयोगशाळेत, ठरलेल्या पृष्ठभागावर, दुरून केली जाते, आणि पाडलेले शस्त्र पुन्हा वापरण्यासाठी नसते. निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.